एका स्टॅण्डपायी

सौ.ने मागितला होता फक्त एक स्टॅण्ड. फ्रिजवर लोळणारी बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या उभ्या राहतील, एवढाच. शंभर-दोनशेत मिळाला असता. पण घरात 3 मिलिमीटर ॲक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकचा, तुकडा पडून होता, आणि मी रिटायर झालेलो.

ॲक्रिलिक वाकवायचं तर नेमक्या एका रेषेत तापवावं लागतं. म्हणून आधी बेंडर. पुण्याच्या तपकीर गल्लीतून 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला, ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये कुठे टेकणार नाही अशी नायक्रोमची, म्हणजे विजेच्या शेगडीत तापते तसली, तार ताणली. तार तापली की लांबते आणि दोरीवरच्या ओल्या चादरीसारखी झोळ खाते. एका टोकाला स्प्रिंग हवी. ही अक्कल पहिला तुकडा करपल्यावर आली. दुसऱ्याच्या वाकावर साबुदाण्यासारखे बुडबुडे. ॲक्रिलिक हवेतला ओलावा पितं आणि माझी शीट अख्खा पावसाळा गॅलरीत उभी होती. मग तिला नानकटाईच्या ओव्हनमध्ये 80 अंशांवर चार तास वाळवली.

"आत काय आहे?"

"शीट."

पुढे संभाषण झालं नाही.

कडा चमकवायला बफ हवा, म्हणजे मोटरवर फिरणारं कापडी चाक. जुन्या बाजारात बुधवारी वॉशिंग मशीनच्या ड्रायरची मोटर घेतली, रविवारी पुन्हा जाऊन तिचा कपॅसिटर. पहिल्यांदा चालू केल्यावर मोटर टेबलासकट दाराकडे निघाली.

पण खरा वेळ खाल्ला कडेने. करवतीच्या दातांचे व्रण कानशीने काढायचे, मग पाणी लावून 220 चा पॉलिश पेपर, 400, 600, 1000; आकडा वाढेल तसा पेपर बारीक. प्रत्येक वेळी आडवी दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. एक टप्पा गाळला तर तो शेवटी, सगळं चकचकीत झाल्यावर, हसतो. हजारच्या पेपरनंतरही कड राख फासल्यासारखी करडीच दिसते. मग बफवर हलकेच, न थांबता फिरवायची. दाबली की वितळलीच. तिसऱ्या फेरीला राख विरघळली आणि कडेतून माझाच अंगठा दिसला. मी चहा विसरलो.

आणि मग शीटवरच्या स्टिकरचा गोंद मी स्पिरिटने पुसला. मिनिटाभरात कडेवर केसांएवढे तडे. घासताना, तापवताना आत ताण साठतो. स्पिरिट तो उघडा पाडतं. बफनंतर पुन्हा मंद आचेवर ठेवून सावकाश थंड केलं असतं तर टळलं असतं.

1949 मध्ये लंडनला डोळ्यांचे सर्जन हॅरॉल्ड रिडलींनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, ते ॲक्रिलिकचंच. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले होते, आणि डोळ्यांनी ते मुकाट सोसले होते. डोळ्याशी त्याचं जमतं. माझ्या स्पिरिटशी नाही.

सौ.ने स्टॅण्ड फिरवून तड्यांची बाजू भिंतीकडे केली आणि बिलं लावली. बेंडर आणि बफ गॅलरीत आहेत, तिच्या कुंड्यांच्या जागी. आता ताण काढायला एक छोटी भट्टी करावी म्हणतोय. ओव्हन काही परत मिळायचा नाही.