साडेसात हजार कुणी सांगितले?

माझी बलेनो २००४ची. आताची हॅचबॅक नव्हे, जुनी १.६ लिटरची सेडान. म्हापशाच्या एका ट्यूनरकडून बसवून घेतलं: हेडर (एक्झॉस्टचे पाइप), मोकळा सायलेन्सर, नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक). पिस्टन, त्याला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड आणि त्यांचे बोल्ट, क्रँक मात्र कंपनीचेच. इंजिनाचं पोट उघडलंच नाही. काम आठ दिवसांत झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर काटा लाल रेघ ओलांडून पुढे गेला आणि इंजिन अडखळलंच नाही, तेव्हा पोटात गोळा आला. लिमिटर, म्हणजे ठरलेल्या आकड्यावर इंजिनाचे फेरे रोखणारी ईसीयूतली मर्यादा, लागलाच नव्हता. घरी पोचून ट्यूनरला फोन केला.

"लिमिटर कितीवर आहे?"

"साडेसात हजार. त्या एस्टीमलाही तेवढाच ठेवलाय. दोन वर्षं काही झालं नाही."

एस्टीम! मारुतीचीच जुनी सेडान. तिचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा एका दिशेचा प्रवास, ७५.५ मिलिमीटर, माझा ९०. क्रँकच्या एका फेऱ्यात पिस्टन स्ट्रोकइतका वर आणि तितकाच खाली जातो. म्हणजे ७५०० आरपीएमला (मिनिटाला ७५०० फेरे) एस्टीमच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.९ मीटर, माझ्या पिस्टनचा २२.५. एस्टीमचा पिस्टन साडेसातला जो वेग गाठतो, तो माझा ६३००लाच गाठतो. शिवाय रॉडवरची ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते: ६५००वरून ७५००वर गेलं की एक तृतीयांशाने जास्त. टॉर्क रॉडला दाबतो, आरपीएम त्याला ओढतो. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पिस्टन वर थांबून मागे वळतो, तेव्हा त्याला खाली ढकलायला वायूचा दाबही नसतो. सगळा भार रॉडच्या बोल्टांवर.

कंपनीच्या भागांना वीस मीटरच्या आसपास थांबवावं, असा ढोबळ हिशेब करतात. माझा आकडा निघाला ६७००. डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद शोधला, तर पॉवर ६२००ला शिखरावर जाऊन उतरायला लागलेली आणि रेघ ६९००ला संपलेली. म्हणजे ७५००पर्यंत त्याने गाडी डायनोवरही नेली नव्हती!

मग लॅपटॉप जोडून स्वतःच आकडा बदलायला गेलो. स्क्रीनवर पासवर्डची चौकट. मॅप, म्हणजे ईसीयूतले सगळे आकडे, लॉक.

"पात्रांव, फाल्यां करतां," ट्यूनर म्हणाला. म्हणजे, साहेब, उद्या करतो. असे फाल्यां अकरा झाले. पासवर्ड माग, तर "मॅप माझी मेहनत आहे". बरं, मॅप तुझा, पण इंजिन माझं ना? फक्त लिमिटर उतरव, इंधनाचे आणि इग्निशनचे आकडे बघणारही नाही, म्हटलं. मग फोन उचलणंच बंद. डिचोलीहून म्हापशाला दोनदा गेलो. पहिल्यांदा साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्यांदा शटर अर्धं खाली. तेवढ्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. आमच्याकडे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधताना मेव्हण्याने विचारलं, गाडी पळवत का नाहीस? काय सांगणार? दीड महिना मी टॅकोमीटरकडे बघत चालवली, पाच हजारांच्या वर एकदाही नाही.

काट्यावरून आठवलं: त्याच्यावर विसंबू नका. माझा काटा ७००० दाखवतो तेव्हा ईसीयूच्या लॉगमध्ये ६७२० असतात. आकडा नेहमी लॉगवरून घ्या. आणि आणखी एक, लिमिटर फक्त अॅक्सिलरेटरने वाढणारे फेरे रोखतो. चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना हात चुकून पहिल्यात गेला, तर चाकंच इंजिन फिरवतात. तिथे तो काही करू शकत नाही.

शेवटी चवथीनंतर त्याचा मुलगा आला. बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, पासवर्ड टाकताना डाव्या तळहाताने कीबोर्ड झाकला. ७५००चे ६७०० केले. मी घड्याळ लावलं होतं: चार मिनिटं. व्हॉल्व्ह स्प्रिंग कंपनीच्याच आहेत ना, तेही विचारलं. "हो, त्याच." नव्या कॅमवर, साडेसात हजाराला, जुन्याच स्प्रिंग! त्यांनी व्हॉल्व्ह वेळेत बंद केले नसते, तर ते कॅमची साथ सोडून तरंगले असते, हे त्यालाही ठाऊक असावं; मान खालीच होती.

तुम्ही मॅप करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी पासवर्ड आणि लिमिटरचा आकडा कागदावर लिहून घ्या. मी घेतला नव्हता. चार मिनिटांचे पंधराशे मोजले, पावतीवर लिहिलंय: "किरकोळ काम".