पाटणादेवीची माहिती लिहिताना

आमच्या वाचनालयाच्या नवरात्र अंकासाठी पाटणादेवीवर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटरवर, गौताळा औट्रम घाट अभयारण्याच्या डोंगरांत बसलेली ही आमची कुलदेवी. आमच्या घरातली सगळी जावळं तिच्याच दारी निघाली. पण लिहायला बसलो तेव्हा पेच पडला, की ऐकलेलं कोणतं आणि कोरलेलं कोणतं, हे वाचणाऱ्याला कळावं कसं?

आधी ऐकलेलं लिहून काढलं. दक्षाच्या यज्ञात अपमान झाला म्हणून सतीने देह ठेवला. शंकर तो देह घेऊन रानोमाळ फिरू लागला, तेव्हा विष्णूने सुदर्शनाने त्याचे तुकडे केले. ते जिथे पडले तिथे शक्तिपीठं झाली, आणि पाटणा त्यांतलंच एक, अशी भाविकांची श्रद्धा. देवळाबाहेर वरणात बट्टी चुरत बसलेल्या एका आजींना मी विचारलं, एवढ्या उन्हात कशा आलात? त्या म्हणाल्या, "माय बलावस तवय येनंच पडस." त्यांचं वाक्य मी अहिराणीतच ठेवलं.

मग कोरलेलं. इथल्या देवळात सापडलेला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. पेठेतल्या विक्रीवर राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला, असं त्यांत सांगितलंय. आज तिथे ना पेठ आहे ना मठ, सगळं रान आहे. आठशे वर्षांपूर्वी इथल्या बाजाराच्या पैशावर पोरं गणित शिकत होती, हे वाचून माझी छाती भरून आली.

'भास्कराचार्य इथलेच' असं आपल्याकडे सर्रास सांगतात. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली आपला जन्म झाला आणि आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते गाव नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून मी नातवाचा मठ ठामपणे लिहिला आणि आजोबांच्या गावापुढे 'असं मानलं जातं' हे शब्द घातले.

अंक पाहणाऱ्या काकांना हे पटेना. "असं मानतात, तसं मानतात लिहिलं, तर देवीचं महत्त्व कमी नाही का होणार?" मी म्हटलं, "काका, श्रद्धा श्रद्धेच्या नावानेच सांगितली, तर शिलालेखाबद्दलही कुणी शंका घेणार नाही. दोन्हींची भेसळ केली, तर पोरं दोन्हींवर हसतील." बराच वेळ वाद झाला, पण शेवटी मजकूर तसाच राहिला.

छापायला देताना काकांनी आपली एक ओळ मात्र घालायला लावली आणि ती मला मनापासून पटली. पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा बघायला जाल, तर डोंगरी नदीच्या पात्रात लेकरांना उतरू देऊ नका. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरीला आलेला पूर चाळीसगावकर अजून विसरलेले नाहीत.