लाल ठिपक्याचे घर

गुन्ह्यांच्या नोंदींचे विश्लेषण करणाऱ्या विभागात मी काम करतो. आमच्याकडे सहसा माणसे येत नाहीत, तक्ते येतात. म्हणूनच त्या सकाळी एक वयस्कर गृहस्थ चार घड्या घातलेला कागद घेऊन टेबलासमोर उभे राहिले, तेव्हा ते चुकीच्या मजल्यावर आले असावेत असे मला वाटले. त्यांनी कागद उलगडला. तो आम्हीच प्रसिद्ध केलेला, वस्तीनिहाय गुन्ह्यांचा नकाशा होता आणि त्यावरच्या सर्वांत मोठ्या लाल ठिपक्याभोवती त्यांनी पेनाने गोल काढला होता.

"साहेब, हे माझे घर. माझ्या घरात वर्षभरात बेचाळीस गुन्हे कधी घडले, तेवढे मला सांगा."

वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जागा सोडून गेले होते आणि घर घेऊ पाहणाऱ्या एका कुटुंबाने हाच नकाशा दाखवून बोलणी थांबवली होती. आवाज न चढवता त्यांनी हे सगळे सांगितले, आणि त्यामुळेच मला अधिक ओशाळल्यासारखे झाले.

त्या ठिपक्याविषयी आमच्यापैकी कोणालाच शंका आली नव्हती, याचे कारण आम्ही शिकलेल्या शास्त्रातच होते. गुन्हे शहरभर सारखे पसरलेले नसतात, ते मोजक्या जागी साचतात. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराविषयी 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोलिसांना आलेल्या दूरध्वनींपैकी निम्मे जेमतेम 3 टक्के ठिकाणांशी निगडित असल्याचे आढळले होते. एका पत्त्यावर 42 नोंदी दिसल्या की आमच्यासारख्याला चूक दिसत नाही, सिद्धान्ताचा पुरावा दिसतो.

मी मूळ नोंदी उघडल्या. बेचाळीसही नोंदींचे अक्षांश आणि रेखांश दशांश चिन्हानंतरच्या सहाव्या अंकापर्यंत जुळत होते. सहावा अंक म्हणजे जमिनीवर सुमारे 11 सेंटिमीटर. एवढ्या जागेत माणूस दोन्ही पावले टेकवून उभाही राहू शकत नाही, मग तेथे बेचाळीस गुन्हे घडणार कसे? पत्त्याचा रकाना पाहिल्यावर उलगडा झाला. प्रत्येक ठिकाणी घर क्रमांक आणि गल्ली कोरी होती, केवळ वस्तीचे नाव लिहिलेले होते. पत्ता अपुरा असला की आमची प्रणाली ती नोंद वस्तीच्या भौमितिक मध्यावर टाकत असे आणि तो मध्य नेमका या गृहस्थांच्या अंगणात येत होता. (अशी चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराचा किस्सा 2016 मध्ये गाजला होता: ठिकाण न सापडणारे कोट्यवधी इंटरनेट पत्ते एका कंपनीने देशाच्या मध्याजवळ, म्हणून त्या घरावर टाकले होते आणि तेथे राहणाऱ्यांच्या दारी वर्षानुवर्षे तपास अधिकारी येत राहिले.)

चूक सापडली म्हणून ठिपका पुसून मोकळे होता आले असते. पण त्या नोंदी खोट्या नव्हत्या, त्यांच्या जागा खोट्या होत्या. त्यामुळे बेचाळीसही तक्रारींचा मूळ मजकूर वाचायचे मी ठरवले. 13 तक्रारी मोबाइल हरवल्याच्या होत्या. 11 दूरध्वनीवरून झालेल्या फसवणुकीच्या होत्या. फसणारा या वस्तीत राहत होता एवढाच त्यांचा वस्तीशी संबंध. 9 तक्रारींत वस्तीलगतच्या वाहनतळावरून वाहने गेली होती आणि 3 किरकोळ हाणामाऱ्यांच्या होत्या. उरल्या 6 घरफोड्या, आणि त्या वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. सहापैकी पाच घरफोड्या एकाच गल्लीत, बारा दिवसांच्या आत आणि भर दुपारी झालेल्या होत्या.

एका घरात चोरी झाली की पुढचे दोनेक आठवडे जवळपासच्या, साधारण दोनशे मीटरच्या आतल्या घरांना धोका वाढतो, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. चोराला वाट, वेळ आणि दाराची जात माहीत झालेली असते. ही माळ आम्हाला वेळीच दिसायला हवी होती. आम्ही ती एका निरपराध अंगणात पुरून ठेवली होती. आमच्या अहवालात मात्र "घरफोड्यांत 200 टक्के वाढ" असे ठळक वाक्य होते, म्हणजे आदल्या वर्षीच्या दोनांच्या जागी सहा. साडेतीन हजार लोकवस्तीत एक घटना वाढली की लाखामागचा दर 28 पेक्षा अधिक अंकांनी उडी घेतो. छेद लहान असला की दर असाच थयथयाट करतो, हे ठाऊक असूनही ते वाक्य मी तपासून पुढे पाठवले होते.

दुपारी तेथील तपास अधिकाऱ्यांबरोबर त्या गल्लीत गेलो. समोरून सर्व घरे भक्कम, दुहेरी कुलपांची. मागच्या बोळात मात्र भिंतीआड स्वयंपाकघरांची दारे एका रांगेत होती आणि रस्त्यावरून त्यांतले एकही दिसत नव्हते. एका दाराचा नवा कोयंडा जुन्याच भोकांत, त्याच आखूड स्क्रूंनी बसवलेला होता. अधिकाऱ्यांनी तो अंगठ्याने दाबताच चौकटीतून लाकडाचा भुगा गळला. लांब स्क्रू, पोलादी पट्टी आणि बोळाच्या तोंडाशी जाळीचे दार, एवढेच त्यांनी घरमालकांना सुचवले.

परतल्यावर नकाशा दुरुस्त झाला, परंतु जुना नकाशा लोकांच्या मोबाइलमधून परत घेता येण्यासारखा नव्हता. त्या गृहस्थांनी लेखी पत्र मागितले. अशा पत्राचा नमुना कार्यालयात नसल्याने मी स्वतःच मजकूर तयार केला: सदर घरात गेल्या दहा वर्षांत एकही गुन्हा घडलेला नाही. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सहा वर्षांपूर्वी अंगणातून माझी सायकल गेली होती," ते म्हणाले. "तक्रार केली नव्हती मी."

मी "घडलेला" खोडून "नोंदलेला" लिहिले आणि पत्र पुन्हा टंकायला दिले.