चूक त्याची, क्लेम आपला

सोमवार

उसाचा हंगाम सुरू झाला. अंधार पडला की आपल्या बेळगाव भागात संकेश्वर, निपाणी, खानापूर, कुठल्याही रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसतात. ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरने ब्रेक दाबला तरी मागचं वजन त्याला पुढे ढकलत राहतं आणि गतिरोधकाजवळ शांत उभ्या असलेल्या कारची डिकी आत जाते. कारवाल्याची यात काडीची चूक नसते. म्हणूनच महिन्याभराने त्याचा संताप होतो : "मी उभा होतो, त्याने ठोकलं, मग माझाच क्लेम का रखडलाय?"

याचं उत्तर कडू आहे, पण पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो त्यावर क्लेम टाकता, तेव्हा चूक कुणाची हा प्रश्न कंपनीच्या टेबलावर नसतोच. तिथे बघतात ते एवढंच : पॉलिसी चालू होती का, चालवणाऱ्याकडे लायसन होतं का, नुकसान किती. निर्दोष माणसाची फाइल वर ठेवावी असा नियम कुठेही नाही. त्याचे पैसेही पूर्ण मिळत नाहीत आणि बोनसही, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, जाते. चूक कुणाची हे ठरवण्याची जागा वेगळी आहे, ती म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. या दोन रस्त्यांचं घड्याळही वेगळं आणि कागदही वेगळे. एका रस्त्याच्या अपेक्षा घेऊन दुसऱ्यावर चालायला लागलं की मनस्ताप वाढतो.

मंगळवार

रस्त्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल लिहायचं आहे, कारण पुढचे कित्येक आठवडे त्यावर ठरतात.

ट्रॅक्टरचा नंबर वेगळा आणि ट्रॉलीचा नंबर वेगळा. दोन्हींची नोंदणी स्वतंत्र असते, विमाही स्वतंत्र काढावा लागतो. ट्रॉलीचा नंबर उसाच्या पाल्याखाली गेलेला असतो, तेव्हा पाला बाजूला सारून त्याचाही फोटो घ्यायचा. दोन्ही वाहनं एका चौकटीत दिसतील असा एक फोटो, रस्त्याच्या खुणेसह एक (मैलाचा दगड, दुकानाची पाटी, बसथांबा), ड्रायव्हरच्या लायसनचा एक. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून समोरच्याचा विमा कधीपर्यंत आहे ते तिथेच बघायचं आणि स्क्रीनशॉट ठेवायचा. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा संपलेला निघणं आपल्याकडे अजिबात नवं नाही.

मग गर्दी जमते आणि कुणीतरी वडीलधारा पुढे होतो : "मिटवूया की अण्णा, गरीब माणूस आहे, पोलीस कशाला?" माणुसकी म्हणून मिटवायचं असेल तर जरूर मिटवा, पण मग स्वतःच्या खर्चाने गाडी करायची तयारी ठेवूनच. पाच हजार घेऊन "आता माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही केली की समोरच्याकडून वसुली करण्याचा हक्क संपतो. तुमची कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा तो हक्क तिच्याकडे जायचा असतो. तुम्ही तो आधीच सोडून दिलात, तर कंपनीला तुमच्याच क्लेममध्ये बोट घालायला जागा मिळते.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. वेंगुर्ला रस्त्याला बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीपासून महाराष्ट्र. कोगनोळी आणि कागलचं तेच. फिर्याद कुठल्या ठाण्यात, यावरून माणसाला इकडून तिकडे फिरवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही ठाण्याने घ्यायची आहे आणि नंतर योग्य ठाण्याकडे पाठवायची आहे. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. बेळगाव जिल्ह्यातल्या ठाण्यात ती कन्नडमध्ये लिहिली जाते. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी सही करण्याआधी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून चार गोष्टी मोठ्याने वाचून घ्याव्यात : तारीख आणि वेळ, दोन्ही (ट्रॉली असेल तर तिन्ही) वाहनांचे नंबर, गाडी कोण चालवत होतं आणि धडक कुठून बसली. केए २२ चं केए २३ झालं किंवा "मागून" च्या जागी "समोरून" आलं, तर ती चूक दुरुस्त करायला लागणारा वेळ गाडीच्या दुरुस्तीपेक्षा जास्त असतो. क्लेम बघणारा माणूस बेळगावात बसलेला नसतो. पुण्या-मुंबईत त्याच्यापुढे कन्नड कागद गेला की तो थांबतो, म्हणून मुख्य मजकुराचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडून द्यावं. एका पानाचं काम आहे.

बुधवार

आज फक्त हिशोब. क्लेम टाकायचा की नाही, हे रागात ठरवू नये.

समजा साडेचार वर्षांची, १५०० सीसीच्या आतली गाडी आहे. मागचा बंपर ८,०००, डिकीचं दार २०,०००, मागचा दिवा ५,०००, काच ६,०००, पेंटिंग १२,०००, डेंटिंगची मजुरी ६,०००. एकूण ५७,०००. जीएसटी सध्या बाजूला ठेवू. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कवच) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ३५ टक्के, काचेवर काही नाही. पेंटिंगच्या बिलाचा चौथा हिस्सा माल धरतात आणि त्यातला अर्धा कापतात. मजुरी पूर्ण मिळते. म्हणजे ४,००० + १३,००० + २,५०० + ६,००० + १०,५०० + ६,००० = ४२,०००. त्यातून सक्तीची वजावट १,००० (१५०० सीसीच्या वर २,०००). हातात ४१,०००, खिशातून १६,०००.

नो क्लेम बोनस यात अजून धरलेलाच नाही. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा पायरीपायरीने चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. ५० टक्क्यांवर असलेल्या माणसाचं पहिल्या वर्षी ५० टक्क्यांचं नुकसान, मग ३०, २५, १५ आणि ५, मिळून सव्वाशे टक्के. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी दहा हजार असेल, तर पाच वर्षांत साडेबारा हजार गेले. थर्ड पार्टीच्या, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्याच्या हप्त्याला बोनस लागू नसतो, त्यामुळे तो भाग या गणितात येत नाही. यावरून माझं ठाम मत : ज्यांचा बोनस वर चढलेला आहे आणि बोनस राखणारं ॲड-ऑन, म्हणजे जादा कवच, घेतलेलं नाही, त्यांनी बारा-पंधरा हजारांच्या नुकसानीसाठी स्वतःच्या पॉलिसीला हात लावू नये.

गुरुवार

गाडी वर्कशॉपमध्ये गेली की "सर्व्हे झाला" असं सांगतात आणि माणूस निर्धास्त होतो. खरा विलंब इथूनच सुरू होतो.

पहिल्या भेटीत सर्व्हेअरला, म्हणजे कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या माणसाला, दिसतं ते बाहेरचं : फुटलेला बंपर, चेपलेली डिकी. एस्टिमेट तेवढंच बनतं आणि तेवढंच मंजूर होतं. बंपरचं कव्हर निघाल्यावर आतली लोखंडी पट्टी वाकलेली दिसते, तिच्यामागचा पॅनेल आत गेलेला असतो, पार्किंग सेन्सरची वायर तुटलेली असते. मग पुरवणी एस्टिमेट, पुन्हा सर्व्हेअरची वाट, पुन्हा मंजुरी, त्यानंतर पार्टची ऑर्डर. पार्ट बाहेरून यायचा असेल तर आणखी काही दिवस. हे चक्र दोनदा फिरलं की महिना गेलाच म्हणून समजा. यावर उपाय साधा आहे. गाडी देतानाच वर्कशॉपच्या ॲडव्हायझरला लेखी सांगायचं की बंपर आणि डिकीचं अस्तर उतरवूनच सर्व्हे होऊ दे. उतरवायला परवानगी मागतात, ती लगेच द्यायची.

आणि स्वतः एकदा डिकीत डोकं घालून बघायचं. गालिचा उचलायचा, स्टेपनी बाहेर काढायची. ज्या गोल खड्ड्यात ती बसते त्याच्या तळाला टॉर्च लावायची. पत्र्यावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या, सांध्यावरचं सीलर तडकलेलं दिसलं, तर धक्का आतपर्यंत पोहोचलाय. डिकीचं दार लावून दोन्ही बाजूंच्या फटीत बोट फिरवायचं. डावीकडे बोट जातं आणि उजवीकडे अडकतं, असं झालं तर सांगाडा सरकलाय. याचे फोटो त्याच दिवशी सर्व्हेअरला मेल करायचे. नुसता पॅनेल ठोकून, पुट्टी भरून रंग मारला तर पहिल्या मोठ्या पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं, आणि तोवर क्लेम बंद झालेला असतो.

बदलायचं की ठोकून सरळ करायचं, यावरही फाइल अडते. सर्व्हेअर म्हणतो "होतंय की रिपेअर", वर्कशॉप म्हणतं "होत नाही". या भांडणात गाडीमालक मुका राहिला तर आठवडे जातात. दोघांना एकाच मेलमध्ये घेऊन, त्या भागाचा जवळून काढलेला फोटो लावून, कारण लेखी मागायचं. बंपरची पकड म्हणजे क्लिपा बसतात ते कान तुटले असतील, तर तो रिपेअर होऊन टिकत नाही. ही गोष्ट फोटोत स्पष्ट दिसते आणि वाद तिथेच मिटतो. जुने काढलेले भाग टाकू द्यायचे नाहीत, कारण काम झाल्यावर सर्व्हेअर ते बघायला मागतो.

गाडीवर कर्ज असेल आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे दुरुस्तीपलीकडची धरली जाते, आणि पैसा आधी बँकेकडे वळतो. अशा वेळी बँकेकडून किती कर्ज शिल्लक आहे त्याचं पत्र आधीच आणून ठेवावं.

शुक्रवार

फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर ऐकण्यात काही अर्थ नाही. फोनचा पुरावा राहत नाही. क्लेम नंबर विषयात घालून मेल करायचा आणि त्यात विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांतल्या मुदती मांडायच्या : क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअरची नेमणूक, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल, अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. प्रत्येक टप्प्यापुढे आपली खरी तारीख लिहायची. असा मेल आला की कंपनीला सहसा उत्तर द्यावं लागतं. ५० हजार आणि त्याहून मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याच्या अहवालाची प्रतही मागून घ्यावी, कुठला भाग का कापला ते तिथेच कळतं.

पुन्हा पुन्हा नवा कागद मागत असतील, तर सगळ्या कागदांची यादी एकदाच लेखी मागायची. क्लेमशी थेट संबंध नसलेल्या कागदासाठी क्लेम नाकारता येत नाही. आपल्याकडे अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. आधारला एक, आरसीला दुसरं, बँकेत तिसरं. एकाच माणसाची ही नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करून पहिल्याच दिवशी देऊन टाकावं.

उत्तर नाहीच आलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोन नंबरवर. कंपनीकडे तक्रार करून महिना गेला किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. बेळगावकरांसाठी तो बेंगळुरूचा, चंदगड-कोल्हापूरवाल्यांसाठी पुण्याचा. फी नाही, वकील चालत नाही आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतली जाते. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोग बेळगावातच आहे, तिथे दोन वर्षांची मुदत आहे, पण एकच तक्रार दोन्हीकडे चालत नाही. मला विचाराल तर साध्या घसाऱ्याच्या किंवा विलंबाच्या वादाला लोकपालच बरा.

शनिवार

दुसऱ्या रस्त्याबद्दल थोडं. समोरच्याच्या विम्यातून नुकसान वसूल करायचं असेल, तर अर्ज न्यायाधिकरणात. अपघातापासून ६ महिन्यांच्या आत, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि पुष्कळांची ती आपल्याच कंपनीच्या उत्तराची वाट बघण्यात निघून जाते. सीमाभागासाठी चांगली गोष्ट अशी, की अपघात शिनोळीला झाला तरी बेळगावात राहणारा माणूस बेळगावात अर्ज करू शकतो. तारखांना चंदगड-गडहिंग्लजला खेटे घालायची गरज नाही.

आपल्या कंपनीने दिलेली रक्कम इथे पुन्हा मागता येत नाही. वरच्या उदाहरणातले खिशातून गेलेले १६,००० मागता येतात. त्यासाठी फिर्याद, पंचनामा, फोटो, पूर्ण बिल आणि कंपनीने किती दिले त्याचा तक्ता लागतो. समोरच्याचा विमा नसेल तर मालक आणि ड्रायव्हर स्वतः जबाबदार ठरतात. निकाल लागला तरी वसुलीला वेळ जातो, तेव्हा रक्कम छोटी असेल तर वकिलाच्या फीशी ताडून बघावं.

क्लेम अडकलेला असतानाच पॉलिसी संपत असेल, तर नूतनीकरण मुळीच थांबवू नये. फॉर्ममध्ये "चालू वर्षात क्लेम घेतला" असं खरं लिहायचं. क्लेम लपवून बोनस घेतला तर पुढच्या अपघातात कंपनी आधीच्या कंपनीकडून खात्री करते आणि तो क्लेम अडतो. मुदत उलटून ९० दिवस गेले तर क्लेम न घेतलेल्याचाही साठलेला बोनस जातो.