झाडीपट्टीचं नाटक बघायचं तर गावात बघा, रिसॉर्टवर नाही

आधी पैशाचं सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. ताडोब्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टने आम्हा तिघींकडून माणशी १,८०० रुपये घेतले. पाटीवर लिहिलं होतं, ‘झाडीपट्टी नाट्यसंध्या, आदिवासी नृत्य व पारंपरिक भोजन’. पदरात पडलं ते असं: स्पीकरवर वाजणारी रेकॉर्ड, डोक्याला पिसं बांधून नाचलेली चार पोरं आणि पंधरा मिनिटांत उरकलेला एक नाट्यप्रवेश. पेटी नाही, तबला नाही. नाचलेली तीच पोरं नंतर आम्हाला वाढायला आली. पत्रावळीवर पनीर होतं. त्यांतल्या एकाला विचारलं, तुला यातले किती मिळतात? तो म्हणाला, तीनशे. आणि हळूच पुढे म्हणाला, “खरं नाटक पाहाचं असन त वडशाकडं जा ताई. हे काहीच नाही.”

म्हणून आम्ही ताडोब्यातली दुसऱ्या दिवशीची सफारी सोडली आणि वडशाला गेलो. सफारीचे पैसे बुडाले, त्याचं दुःख नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा, जंगलाचा, झाडीबोलीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान घरात आलं की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. मूळ दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोककलांचं. त्यातून पुढे संगीत नाटक रुजलं आणि इथल्या मातीत वेगळंच वाढलं. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचं ठाणं. नाटक कंपन्यांची ऑफिसं इथे, बुकिंग इथे, पोस्टर छापणारे आणि कपडेपट भाड्याने देणारेही इथलेच. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी पुण्या-मुंबईकडे नाव काढलं तर लोक विचारतात, म्हणजे आदिवासी नाच का? नाही. तिकीट काढून बघायचं, रात्रभर चालणारं पूर्ण लांबीचं नाटक. आपल्याकडच्या शहरी व्यावसायिक रंगभूमीला हेवा वाटावा इतकं पब्लिक एका खेड्यात जमतं.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता आहे. दीडशे किलोमीटरच्या आसपास, काही अडचण नाही. रेल्वेने यायचं तर गोंदिया–बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे. कुठल्या गावात आज काय आहे हे नेटवर शोधत बसू नका. वडशात उतरा, चहाच्या टपरीवर विचारा, भिंतींवरची पोस्टरं वाचा. कंपनीच्या ऑफिसात गेलात तर पुढच्या आठवड्याभराचे प्रयोग तोंडपाठ सांगतात. जिथे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल ते गाव आधी निवडा. २०१४ च्या बंदीनंतर पट थांबले होते. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी ही जुनी जोडी आहे. पटाच्या दिवशी गावात पाहुण्यांनी न भरलेलं घर सापडत नाही.

आता गावांकडच्या रात्रीच्या रस्त्याबद्दल, कारण खरं सांगायचं आहे ते हेच. पहिलं नाटक बघायला कुरखेड्याच्या बाजूच्या एका गावात गेलो. वडशातून गाडी ठरवली, जाऊन-येऊन २,५०० रुपये, ‘नाटक सुटेपर्यंत थांबतो’ या बोलीवर. रात्री दोनला, दुसरा अंक ऐन रंगात असताना, ड्रायव्हर येऊन उभा राहिला. पहाटे त्याला दुसरं भाडं होतं. आत्ता निघा, नाहीतर मी चाललो. तिघी बायका, अनोळखी गाव. निघालो. धुकं इतकं की बोनेटच्या पुढचं दिसेना. मध्ये रस्ता रुंद करायला एक बाजू खोदून ठेवलेली, ना पाटी ना दिवा. त्या खड्ड्यात चाक गेलं आणि टायर फुटला. दोन्ही बाजूला जंगल, फोनला रेंज नाही, स्टेपनीत हवा कमी. हा वाघांचा इलाखा आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही या पट्ट्यात फिरतात, हे आम्हाला ठाऊक होतं. गाडीबाहेर उतरून टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. हात थंडीने थरथरत होता की भीतीने, ते आजही सांगता येणार नाही. वडशाला पोचल्यावर त्या माणसाने वर हजार रुपये मागितले, ‘जंगल चार्ज’. असा कुठलाही चार्ज नसतो. आम्ही दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

म्हणून माझं स्पष्ट मत: रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात तिथल्या जंगलरस्त्यावर गाडी घालायची नाही. स्वतःची असो, भाड्याची असो, बाईक तर अजिबातच नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी नंतर सांगितलं, नाटक रात्रभर का चालतं? लोक बैलबंडीने लांबून यायचे, अंधारात परत कसे जाणार? उजाडेपर्यंत खेळ चालला की सगळे उजेडात घरी. म्हणजे नाटक संपायच्या आधी उठू नका, हा या भागातला सुरक्षिततेचा सल्लाच आहे. गाडी सोडून द्या, सकाळी सहाला बोलवा आणि अर्धे पैसे तेव्हाच द्या.

दुसऱ्या गावात आम्ही तसंच केलं, आणि तिथे जे पाहिलं त्याने आधीचं सगळं भरून निघालं. कापडी कनातींच्या आत जमीन उतरती खणलेली, खणलेल्या मातीचाच स्टेज. पुढे जमिनीवर बसायचं, मागे खुर्च्या. जमिनीचं तिकीट ७० रुपये, खुर्चीचं १२०. जमीनच घ्या. बायकांची बाजू वेगळी होती आणि तिथे आम्हाला एक क्षणही अवघडल्यासारखं झालं नाही. शेजारच्या आजींनी “बसा जी, बसा” म्हणत स्वतःची सतरंजी अर्धी आमच्याकडे सरकवली. मी कडेला असल्यामुळे विंगेतला प्रॉम्प्टर दिसत होता. मानेत टॉर्च दाबून, वहीची पानं उलटत, प्रत्येक वाक्य एक श्वास आधी पुटपुटणारा माणूस. नट रोज वेगळ्या गावात उभे राहतात, तालमीला वेळ कुठला. नायिकेने ते पुटपुटलेलं वाक्य उचललं, अर्ध्यावर थांबली, पेटीवाल्याकडे बघितलं आणि त्याने सूर धरल्यावर उरलेलं गाऊन पूर्ण केलं. अंगावर काटा आला. विषय दारूचा होता. बाप दारूत शेत घालवतो तेव्हा पुरुषांच्या बाजूला चिटपाखरू हललं नाही.

सकाळी मंडपातच, नाटक बोलावणाऱ्या गावातल्या मंडळाच्या पोरांनी हिशोब मांडला. कंपनीची बिदागी, मंडप, लाइट, जनरेटर वजा करून उरलेले पैसे शाळेच्या कंपाउंडला लावायचे ठरले होते. रात्रभर भजी, चहा, चणे विकणाऱ्या बायका गावातल्याच. लेकी माहेरी आलेल्या, दोन सोयरिकींची बोलणीही तिथेच चाललेली. आमच्या तिघींच्या तिकिटाचे २१० रुपये कुठे गेले ते मी डोळ्यांनी पाहिलं. रिसॉर्टच्या ५,४०० रुपयांबद्दल तसं म्हणता येत नाही. वारशातून विकास करायचा म्हणतात ना, तो इथे आधीच चालू आहे. कुणी दोन तासांचं ‘पर्यटकांसाठी खास’ व्हर्जन काढू नये, एवढी कळकळीची विनंती. काही करायचंच असेल तर बायकांसाठी स्वच्छ संडास आणि हंगामाचं एक छापील वेळापत्रक वडसा स्टेशनवर. आणि गावातल्या मंडळाने ठरवलेल्या दरात रात्रीची, सकाळची झोपायची सोय. बाहेरून येणारा माणूस आनंदाने पैसे देईल.

बाकीचं भराभर. गडचिरोलीतल्या मार्कंड्याला, जुन्या देवळांच्या गावी, गेलो. वैनगंगेच्या काठची शिल्पं थोर आहेत, पण मुख्य देवळाचं दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलंय, त्याची तयारी ठेवून जा. महाशिवरात्रीच्या जत्रेत जाऊ नका, शिल्पं दिसणारच नाहीत. मेंढा-लेखाला ‘बघायला’ म्हणून जाऊ नका. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं ते गाव आहे, पर्यटनस्थळ नाही. शिकायचं असेल तर आधी ग्रामसभेला विचारा. कोसा, म्हणजे इथलं टसर रेशीम, घ्यायचा तर नागभीड किंवा भंडाऱ्याकडच्या विणकरांच्या घरून घ्या. करवतकाठी साडीच्या काठावरचे करवतीसारखे दाते तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांनी) विणतात, मागावर बसलेला माणूस बघितलात की किंमत घासाघीस करावीशी वाटत नाही. रिसॉर्टच्या दुकानात कोसा म्हणून ठेवलेला स्टोल पॉलिस्टरचा होता.

सोबत काय न्यायचं: जाड ब्लँकेट, कानटोपी, बसायला चादर, टॉर्च, पाणी, सुट्टे पैसे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीननंतर जमिनीतून थंडी वर येते, स्वेटरने भागत नाही. संध्याकाळी गावात पोचा आणि सरळ मंडळाच्या माणसांना भेटा, जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. जेवणाचे पैसे घेणार नाहीत, तेव्हा मंडळाची पावती फाडा. नाटकाचं मोबाइलवर शूटिंग करू नका, कंपन्यांना ते आवडत नाही आणि त्यांचं पोट त्यावर आहे. दुसऱ्या दिवशीचा काही प्रोग्राम ठेवू नका. दुपारपर्यंत झोप लागेल.