नाटक पाहण्याचा अभ्यास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेता येऊ लागला आणि वाणिज्य शाखेत असूनही मला ठाण्यातील आमच्या महाविद्यालयात नाट्यरसग्रहण शिकता आले. घरी ही बातमी सांगितल्यावर आजीने विचारले, “नाटक बघायला शिकावं लागतं होय रे?” ठाणेकराच्या तोंडी हा प्रश्न शोभूनही दिसतो. तलावपाळीला 1978 पासून गडकरी रंगायतन उभे आहे. शनिवार-रविवारचे प्रयोग आणि मध्यंतरातला बटाटेवडा यांच्या संगतीत वाढलेल्या माणसाला नाटक पाहता येते, हे येथे गृहीतच धरलेले असते. मला मात्र आता असे वाटते की आपल्याला नाटकाविषयी बोलता पुष्कळ येते, पाहता त्या मानाने कमी येते.

आमच्या प्राध्यापिकांनी सुरुवातीलाच एक अट घातली होती. प्रयोग पाहून आल्यावर जे टिपण लिहायचे, त्याच्या पहिल्या पानावर ‘अप्रतिम’, ‘रटाळ’ यांसारखे एकही विशेषण येता कामा नये. पडदा उघडल्यावर पहिले वाक्य उच्चारले जाण्यापूर्वी रंगमंचावर काय काय होते, प्रकाश कोणत्या बाजूने पडत होता, कोणते पात्र कोठून आले आणि कोठे थांबले, आणि आपण स्वतः कोणत्या रांगेत बसलो होतो, एवढेच लिहायचे. ही अट ऐकायला सोपी असली तरी वर्गातील बहुतेकांची टिपणे कथानक सांगण्यातच संपत, कारण घरी परतताना रिक्षात आपण एकमेकांना सांगतो ते कथानक आणि विनोद. रांगेची नोंद मला सुरुवातीला निरर्थक वाटली होती. पुढे लक्षात आले की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला चेहरा दिसतो, तर बाल्कनीतल्या प्रेक्षकाला पात्रांमधली अंतरे दिसतात. दोघांनी एकच प्रयोग पाहिलेला असला तरी त्यांच्या टिपणांत वेगवेगळ्या गोष्टी येणारच.

पाहण्याच्या या कामी मला सर्वांत उपयोगी पडले ते भरताच्या नाट्यशास्त्रातील अभिनयाचे चार प्रकार: आंगिक (शरीराच्या हालचालींचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेश आणि वस्तूंचा) आणि सात्त्विक (आतून उमटणाऱ्या भावाचा). परीक्षेसाठी पाठ केले की ते निर्जीव होतात. प्रयोग पाहताना एका प्रवेशात केवळ आहार्याकडे, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि वस्तू यांच्याकडे लक्ष द्यायचे ठरवले, तर एरवी नजरेतून निसटणाऱ्या कितीतरी गोष्टी पकडीत येतात. त्याच ग्रंथात प्रेक्षकाच्या गुणांचाही विचार आहे. पात्राच्या आनंदाने जो आनंदित होतो आणि त्याच्या शोकाने शोक पावतो तो खरा प्रेक्षक, असे म्हणून झाल्यावर भरत हेही मान्य करतो की सगळे गुण एकाच माणसात सापडायचे नाहीत आणि तरुणांना जे रुचते ते वृद्धांना रुचेलच असे नाही. ही सूट मला फार समंजस वाटते.

अभ्यासक्रमातील इतिहासाचा भाग घाईने उरकला गेला. ॲरिस्टॉटलने सांगितलेली नाटकाची सहा अंगे एका तासात आली आणि गेली. तरी आपल्या परिसरातील नाट्यगृहांची नावे समोर ठेवली असती तर तोच इतिहास सहज उलगडला असता. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे गात असे आणि नट गद्य संवाद बरेचसे आयत्या वेळी रचून बोलत. गडकऱ्यांपर्यंत येता येता लेखकाचा शब्दच नाटकाचा राजा झाला. काशिनाथ घाणेकरांच्या काळात तर निव्वळ नटाच्या नावावर नाट्यगृह भरू लागले. सूत्रधार, नाटककार, नट अशा तिघांच्या नावांच्या वास्तू आपल्याकडे आहेत. नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांची नावे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असतात, आणि आपण जे पाहत नाही ते नेमके त्यांचेच काम असते.

व्यावसायिक मराठी नाटकांत दिवाणखान्याचा एकच सेट इतका का दिसतो, हा प्रश्न मी या निमित्ताने प्रथमच गांभीर्याने विचारात घेतला. दुपारी एका उपनगरात प्रयोग करून रात्रीच्या प्रयोगासाठी ठाणे गाठायचे असेल, तर संपूर्ण नेपथ्य थोड्या वेळात सुटे करून टेम्पोत चढवता आणि पुन्हा उभे करता आले पाहिजे. फ्लॅटांची, म्हणजे सेटच्या भिंती होणाऱ्या चौकटींची घडी, दारांची जागा, फर्निचरचे वजन, हे सारे त्या प्रवासाच्या हिशोबाने ठरते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा भाग विशेष कळतो, हे येथे नमूद करायला हरकत नाही. या अडचणीतून निराळी वाट काढल्याचे उदाहरण म्हणून वर्गात ‘घाशीराम कोतवाल’ची चर्चा झाली. 1972 मध्ये पुण्यात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलेल्या या नाटकात रांगेत उभी राहणारी, डोलणारी, गाणारी माणसेच भिंत होतात, आणि ती भिंत हवे ते लपवते, हवे ते उघड करते. संहिता वाचताना ‘माणसांचा पडदा’ हे शब्द डोळ्यांखालून सहज निघून जातात. वर्गात आम्हालाच रांगेत उभे केले गेले, तेव्हा शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून एका तालात डोलणे किती अवघड आहे आणि पाठ फिरवलेली रांग समोरून किती धमकावणारी दिसते, हे दोन्ही समजले.

समीक्षेसाठी जर्मन कवी गटे यांच्या नावावर सांगितले जाणारे तीन प्रश्न दिले होते: कलावंताला काय साधायचे होते, ते कितपत साधले, आणि ते साधण्याच्या योग्यतेचे होते का. आपण बहुधा तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो आणि तेथेच थांबतो. व्हॉट्सॲपवरचे ‘आवर्जून बघा’ किंवा ‘पैसे वाया’ हे त्याच जातीचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यासाठी मात्र न आवडलेल्या नाटकाकडेही सहानुभूतीने पाहावे लागते, आणि माझ्या मते या विषयाचा खरा कस तेथेच लागतो.

अशा अभ्यासक्रमाची लेखी परीक्षा ‘अभिनयाचे प्रकार स्पष्ट करा’ अशा प्रश्नांवर व्हावी, हे मला पटत नाही. एखाद्या प्रवेशाचे दहा मिनिटांचे चित्रीकरण दाखवून त्यावर विशेषणांविना टिपण लिहून घेतले, तर कोण पाहायला शिकले आणि कोण पाठांतर करून आले हे ताबडतोब कळेल. महाविद्यालयाने अभिप्राय मागवले तेव्हा मी ही सूचना केली आणि तिच्यासोबत आणखी एक जोडली: निर्मात्याची परवानगी मिळवून विद्यार्थ्यांना एकदा प्रयोगाच्या आधी, सेट लागत असताना आणि स्पॉट, म्हणजे प्रकाशझोताचे दिवे, बांधले जात असताना, नाट्यगृहात बसू द्यावे, आणि त्या दिवशीचे टिपण केवळ रंगमंच कामगारांच्या हालचालींवर लिहायला सांगावे.