ट्रस्टचं राहून गेलेलं रिटर्न

आमचा ट्रस्ट लहान. गरजू मुलांची फी, वह्या-पुस्तकं, कधी वसतिगृहाचा खर्च, एवढंच काम. आधीचे कोषाध्यक्ष बरेच महिने आजारी होते, म्हणून नोव्हेंबर २०२४मध्ये दप्तर माझ्याकडे आलं. त्याच सुमारास एका देणगीदाराने मागच्या दोन वर्षांच्या आयकर रिटर्नच्या पोचपावत्या मागितल्या. फायलीत एकही नव्हती.

बैठकीत एक विश्वस्त म्हणाले, "आपल्याला कुठे नफा होतो? मग रिटर्न कशाला?" हा समज फार पसरलेला आहे. १९६१च्या आयकर कायद्याप्रमाणे १२एबीची नोंदणी (धर्मादाय संस्था म्हणून आयकर खात्याकडची) असली तरी कलम ११ची सूट (अशा संस्थेच्या उत्पन्नाला मिळणारी) धरण्याआधीचं उत्पन्न बघायचं असतं, म्हणजे देणग्या, एफडीचं व्याज, सगळं. ते करमुक्त मर्यादेच्या वर गेलं की आयटीआर-७ (ट्रस्टांचं रिटर्न) भरणं आणि हिशेब सीएकडून तपासून घेणं, दोन्ही आलं. वर्षाअखेरीला हातात किती उरलं, याला काही अर्थ नाही.

२०२२-२३मध्ये याच नियमाने आम्ही वाचलो, कारण त्या वर्षीची जमा अडीच लाखांच्या आत होती. बँकेने कापलेला टीडीएस परत हवा तर विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागला असता. रक्कम बघून सगळ्यांनी तो नाद सोडला.

खरं लफडं २०२३-२४चं. जमा सहा लाखांच्या वर आणि १५ नोव्हेंबरपर्यंत वाढवून दिलेली मुदतही उलटलेली. सीएंनी कागदावर ३१ डिसेंबर लिहून खाली दोन रेघा मारल्या. तोवर उशिराचं रिटर्न भरलं तर कलम ११ची सूट मागता येते. पुढे 'अपडेटेड रिटर्न'ची वाट आहे, पण तिथे ही सूट नाही. म्हणजे मुलांसाठी आलेल्या देणगीवरच कर.

आयकर खात्याचं पोर्टल उघडायला गेलो तर ओटीपी माजी अध्यक्षांच्या मोबाइलवर. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम मुलीकडे परगावी.

"अण्णा, मेसेज आला का?"

"आलाय रे, पण चष्मा कुठे ठेवलाय..."

तोवर ओटीपीची वेळ संपायची. शेवटी त्यांच्या नातीला फोनजवळ बसवलं तेव्हा दार उघडलं. आत शिरल्यावर आधी अधिकृत विश्वस्त आणि मोबाइल नंबर बदलून घेतला.

सगळ्यात जास्त दमवलं ते व्हाउचरांनी. एका मोठ्या देणगीच्या पावतीवर आमच्याच माणसाने 'कायम निधी' (मुद्दल न खर्चता जपून ठेवायची देणगी) लिहिलं होतं, पण देणगीदाराचं तसं लेखी पत्र कुठेच नाही. सीएंनी ती सरळ चालू उत्पन्नात घेतली. एका दुकानदाराला एकाच दिवशी दहा हजारांच्या वर रोख दिले होते, तो खर्च धरता आला नाही. आणि वर्षअखेरीची बिलं प्रत्यक्ष चुकती झाली तेव्हाच खर्चात येतात, नुसती देणी दाखवून चालत नाही. ही काटछाट जिवाला लागत होती, कारण सूट पूर्ण मिळायला उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च दाखवायचा होता. एरवी कमी पडला तर फॉर्म १० भरून पुढच्या वर्षांसाठी रक्कम राखून ठेवता येते. रिटर्न उशिराचं असेल तर ती सोय मिळत नाही. आमचा आकडा ८५च्या जेमतेम वर थांबला.

फॉर्म १०बीबीचा ऑडिट अहवाल सीएंनी चढवला. तो ट्रस्टच्या लॉगिनमधून स्वीकारल्याशिवाय दाखल होत नाही, हे कित्येकांना माहीत नसतं. उशिराबद्दलचं कलम २३४एफचं शुल्क भरलं (एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर हजार, वर असेल तर पाच हजार), डिसेंबर संपायच्या आत रिटर्न गेलं, ई-व्हेरिफायही झालं.

काही महिन्यांनी आयकर खात्याकडून कलम १४३(१)ची, रिटर्न तपासल्यानंतरची, सूचना आली: ऑडिट अहवाल मुदतीत नाही, सबब सूट नामंजूर. मागणीची रक्कम बँकेतल्या शिलकीपेक्षा मोठी! बैठकीत सगळे गप्प. सीए मात्र निवांत होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १८ नोव्हेंबर २०२४च्या परिपत्रक क्र. १६ प्रमाणे असा अहवाल ३६५ दिवसांपर्यंत उशिरा आला असेल तर तो उशीर आयकर आयुक्तांना माफ करता येतो, फक्त कारण सबळ हवं. पोर्टलवर मागणी मान्य नसल्याचं कळवलं आणि कलम ११९(२)(बी)खाली उशीर माफ करण्याचा अर्ज केला. सोबत विश्वस्तांचा ठराव, अहवालाची प्रत आणि आधीच्या कोषाध्यक्षांचे दवाखान्याचे कागद. ते कागद त्यांच्या घरी मागायला जाताना फार संकोच वाटला. वहिनींनी मात्र एका शब्दाने न विचारता फाइल हातात दिली. माझ्या मते अर्ज टिकला तो त्या कागदांमुळे. बाकी मजकूर सगळेच लिहितात.

उशीर माफ झाल्याचा आदेश आल्यावर कलम १५४खाली दुरुस्ती मागितली आणि मागणी शून्यावर आली. देणगीदाराला एक पोचपावती पाठवली, २०२२-२३साठी सीएंचं पत्र जोडलं. आता धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलाचा चेंज रिपोर्ट दाखल आहे, त्याची सुनावणी व्हायची आहे.